अर्ध्या पेनीतलं गाव



ज्या ग्रंथपालांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या टेबलाच्या डाव्या खणात चपलांचं एक रिकामं खोकं असायचं. वाचनालयात कुणी जुनी पुस्तकं भेट दिली की सर ती आधी एकेक करून झटकायचे. धूळ जावी म्हणून तर खरंच, पण आत काय सापडतंय याची ओढ त्याहून जास्त. बसची तिकिटं, वाळलेली बकुळीची फुलं, लाँड्रीच्या पावत्या, अर्धवट सोडलेली पत्रं असं काय काय निघायचं आणि ते सगळं त्या खोक्यात जायचं. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि दुपारच्या वेळी त्यांच्या हाताखाली पुस्तकांना कव्हरं घालायचो. एकदा देवळालीच्या कुठल्याशा बंगल्यातून इंग्रजी कादंबऱ्यांचं गाठोडं आलं. त्यातल्या एकीतून एक कार्ड खाली पडलं. सरांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, "मधलं चित्र नंतर बघ. आधी कडा बघ."

ते कार्ड आज मी सोबत आणलं आहे. व्याख्यानानंतर ज्यांना हवं त्यांनी जवळून बघावं.

पंज्याएवढ्या आकाराचा जाड कागद आहे. चित्रात एक अरुंद गल्ली, जवळजवळ जिन्यासारखी खाली उतरत गेलेली. दोन्ही बाजूंना चुना दिलेली घरं, एकाचं छप्पर वरच्या घराच्या उंबऱ्याला टेकलेलं. गल्लीच्या मधोमध दोन गाढवं, पाठीच्या दोन्ही अंगांना लोंबणाऱ्या टोपल्या. त्यांच्याजवळ टोपी घातलेला एक पोरगा कॅमेऱ्याकडे टक लावून उभा. खाली घरांच्या फटीतून समुद्राची निळी चीर. वरच्या बाजूला एका खिडकीवर शाईची फुली. मागे राजा सातव्या एडवर्डचं तांबडं तिकीट, एक पेनीचं. इंग्लंडातल्या इंग्लंडात असं कार्ड अर्ध्या पेनीत जायचं, हिंदुस्थानात पाठवायला मात्र पेनी पडायची. मजकूर चार ओळींचा: हवा छान आहे, चढ-उताराने गुडघे धरले, न्याहारीला ताजे मासे मिळाले, आणि फुली केली आहे ती आमची खोली. चित्राखाली गावाचं नाव छापलेलं आहे, क्लोव्हेली.

आता कडा. उजवीकडे, चित्र जिथे कापलं गेलं आहे तिथे, एक बाई दारात उभी आहे. पूर्ण नाही, अर्धीच. एक खांदा, एक हात आणि हातात बादली. फोटोवाल्याला ती चित्रात नको होती हे उघड आहे. त्याला गाढवं हवी होती. पण ती बादली पाहिल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा: या चढणीवर ही बाई पाणी कुठून आणत असेल? त्या प्रश्नापासून मी या गावाच्या मागे लागलो. पुढच्या वर्षांत जिथे मिळतील तिथून क्लोव्हेलीची कार्डं जमवत गेलो. आज माझ्याकडे सत्तेचाळीस आहेत. एकच गाव, बरेचदा एकच गल्ली आणि फोटोवाल्याच्या पायाखालचा दगडही बहुधा तोच.

पोस्टकार्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते पिवळट, बिनचित्राचं कार्ड. आपल्याकडे ते १ जुलै १८७९ रोजी सुरू झालं, एका पैशात. लग्नाचं असलं तर त्याच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं असायचं आणि कुणी गेल्याचं असलं तर कोपरा फाडलेला. वाचता न येणाऱ्या म्हातारीलाही पोस्टमनच्या हातातल्या कार्डाच्या कोपऱ्यावरून अर्धी बातमी आधीच कळायची. म्हणजे कडा बघायची सवय आपल्याला नवी नाही.

ब्रिटनमध्येही पहिली कार्डं अशीच कोरी होती. ऑस्ट्रियाने १८६९ मध्ये सुरुवात केली आणि बरोबर एका वर्षाने, १ ऑक्टोबर १८७० ला, ब्रिटिश टपाल खात्याने अर्ध्या पेनीचं कार्ड काढलं. खासगी छापखान्यांना स्वतःची कार्डं छापून त्यावर तिकीट चिकटवायची मुभा मिळाली ती १८९४ मध्ये. तरीही अडचण होती. कार्डाची एक आख्खी बाजू पत्त्यासाठी राखलेली, त्यामुळे चित्र आणि मजकूर दोघांना दुसऱ्या बाजूवर दाटीवाटीने बसावं लागे. १९०२ मध्ये टपाल खात्याने पत्त्याच्या बाजूवर मधोमध रेघ मारायला परवानगी दिली. उजवीकडे पत्ता, डावीकडे मजकूर. हे करणारा ब्रिटन पहिला देश. या एका रेघेमुळे चित्राला पुढची सबंध बाजू मोकळी झाली आणि मग जे पीक आलं त्याला तोड नाही. पहिल्या महायुद्धाच्या चार-पाच वर्षं आधी तिथलं टपाल खातं वर्षाला ८० कोटींहून जास्त कार्डं वाटत होतं. शहरांत दिवसातून अनेकदा टपाल वाटलं जाई. सकाळी टाकलेलं कार्ड संध्याकाळच्या आत पोचायचं, त्यामुळे लोक ते आजच्या फोनसारखं वापरायचे. ही लाट मुंबईतही आली होती. चित्रकार धुरंधरांनी इथल्या माणसांची जी चित्रकार्डं काढली ती याच काळातली. पण तो विषय एवढा मोठा आहे की त्यावर वेगळं व्याख्यानच व्हायला हवं.

या कार्डांमागे कोण होतं हे थोडं सांगतो, कारण त्याशिवाय चित्र वाचता येत नाही. फ्रान्सिस फ्रिथ नावाचा एक गृहस्थ होता, जन्म १८२२ चा. लिव्हरपूलला किराण्याच्या घाऊक धंद्यात पैसा मिळवून त्याने तो धंदा विकला, इजिप्तला जाऊन पिरॅमिडांचे फोटो काढले आणि १८६० च्या सुमारास रायगेट या गावी फोटोंची कंपनी थाटली. देशातल्या प्रत्येक शहराचा आणि गावाचा फोटो आपल्याकडे असावा ही त्याची इच्छा होती. तो १८९८ मध्ये वारला, म्हणजे पोस्टकार्डांचा खरा भर त्याने पाहिलाच नाही. पण मुलांनी धंदा वाढवला आणि कंपनी १९७१ पर्यंत चालली. डंडीचे व्हॅलेंटाइन, हेस्टिंग्जचे जजेस हे या कंपनीचे तोलाचे प्रतिस्पर्धी. यांचे फोटोग्राफर रेल्वेने, पुढे सायकलने आणि मोटारीने गावोगाव हिंडायचे आणि कार्डं गावातल्याच वाण्याच्या किंवा टपालाच्या दुकानात विकायला ठेवली जायची.

म्हणून हे लक्षात ठेवा की या माणसांना गावाची नोंद करायची नव्हती, त्यांना कार्ड विकायचं होतं. पाहुणा विकत काय घेतो? जे बघायला तो आला तेच. मग पुढचा फोटोवाला त्याच जागी उभा राहतो. या लोभाचा आपल्याला मात्र मोठा फायदा झाला. एकाच ठिकाणाहून काढलेली ऐंशी वर्षांची चित्रं आज आपल्या हाती आहेत. कुठल्याही सरकारी खात्याने मुद्दाम ठरवून केलं असतं तरी इतकं नेमाने झालं नसतं.

चित्रातल्या रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. १९१४ च्या आधीची पुष्कळशी रंगीत ब्रिटिश कार्डं छापली जायची जर्मनीत, सॅक्सनी प्रांतात. फोटो काळा-पांढरा, त्यावर रंग चढवणाऱ्या कारागिराने ते गाव जन्मात पाहिलेलं नसायचं. माझ्या एका कार्डावर क्लोव्हेलीचं आकाश गुलाबी आहे आणि दुसऱ्यावर, हुबेहूब त्याच फोटोत, ते पिवळं आहे. नको असलेला तारेचा खांब खरवडून काढणं ही तर नेहमीची गोष्ट. पुढे १९५६ मध्ये डब्लिनला जॉन हिंडची कंपनी निघाली. चित्रात काही बेढब दिसत असलं तर तिचे लोक कॅमेऱ्याच्या पुढ्यात फुलांनी लगडलेली फांदी धरत आणि ते झाकत. म्हणजे कार्डात फूल फारच जवळ दिसलं तर त्यामागे काय दडवलं आहे असा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता गावाकडे येतो. डेव्हन परगण्याचा उत्तर किनारा अटलांटिकच्या बाजूला उघडा आहे. तिथे बिडफर्डच्या पश्चिमेला सुमारे अकरा मैलांवर कड्याला एक खाच पडली आहे. त्या खाचेत क्लोव्हेली बसलं आहे. वरून बंदराच्या धक्क्यापर्यंत गल्ली अर्ध्या मैलात जवळजवळ चारशे फूट खाली येते. रस्ता समुद्रकाठच्या गोट्यांचा, मधेमधे पायऱ्या. तिथे चाक कधी चाललंच नाही. बैलगाडी नाही, घोडागाडी नाही, मोटार नाही. गावकरी वरच्या भागाला 'अप-अलाँग' म्हणतात आणि खालच्याला 'डाउन-अलाँग'. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम या दिशांचं त्यांना फारसं काम पडत नाही. चढायचं की उतरायचं एवढाच प्रश्न. टेम्पल बार नावाचं एक घर तर रस्त्यावरच बांधलेलं आहे. घरातली माणसं वर वावरतात आणि गाव त्यांच्या पायाखालून ये-जा करतं.

पोट मात्र समुद्रावर. धक्का मध्ययुगातला, सोळाव्या शतकाच्या अखेरीस वाढवलेला. त्याच्या आडोशाला होड्या, आणि होड्यांचं लक्ष हेरिंगवर. आपल्या तारलीच्या नात्यातला मासा, थव्याने येतो आणि थव्यानेच जातो. खाली किनाऱ्यावर चुन्याची भट्टी होती. वेल्सकडून गलबतांतून चुनखडी आणि कोळसा यायचा, भट्टीत चुना भाजला जायचा आणि वरच्या शेतांना घालायला तो गाढवांच्या पाठीवरून चढायचा. गाढव हा त्या गावाचा हमाल, टपालवाला आणि मालगाडी. १८२१ च्या ऑक्टोबरात रात्रीच्या वादळाने मासेमारीला गेलेल्या होड्या बुडवल्या आणि गावाने एका रात्रीत कर्ती माणसं गमावली. सतरा वर्षांनी तसंच पुन्हा घडलं.

कार्डांवर यातलं काहीच नाही आणि ते असणं शक्यही नव्हतं. कार्डवाले यायच्या आधीच कथाकार येऊन गेले होते. चार्ल्स किंग्स्ली याचे वडील १८३० च्या दशकात इथे धर्मगुरू होते, त्याचं लहानपण याच गल्लीत गेलं. १८५५ मध्ये त्याची 'वेस्टवर्ड हो!' ही कादंबरी निघाली आणि त्याच वर्षी बिडफर्डला रेल्वे पोचली. पुस्तक वाचायचं आणि गाडीत बसायचं, अशी सोय झाली. त्या कादंबरीच्या नावाने शेजारी एक नवं गावच वसवलं गेलं, उद्गारचिन्हासकट. १८६० मध्ये डिकन्स आणि विल्की कॉलिन्स इथे येऊन गेले आणि त्या वर्षीच्या नाताळच्या कथेत त्यांनी या गावाला 'स्टीपवेज' असं नाव दिलं. मग आगबोटी येऊ लागल्या. बोट धक्क्याला लागत नसे. उतारू होड्यांत उतरायचे आणि त्या होड्या वल्हवायचे कोळी. हेरिंग आटत चालला होता, माणसं वाढत चालली होती. त्याच होड्या, तेच हात. फक्त जाळ्यात आता पाहुणे.

याच काळातलं एक कार्ड माझ्याकडे आहे. धक्क्यावर चार म्हातारे कोळी ओळीने बसले आहेत. अंगात लोकरीचे घट्ट विणलेले गडद स्वेटर, पांढऱ्या दाढ्या, एकाच्या तोंडात चिलीम. फार देखणं चित्र आहे. सरांच्या सांगण्याप्रमाणे मी कडा बघितल्या. भरती आहे, ऊन आहे, भर कामाची वेळ आहे, आणि मागच्या होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. हे कोळी तेव्हा मासे धरत नव्हते, स्वतःचा फोटो काढू देत होते. मला थोडं वाईट वाटतं, पण त्यांना दोष देता येणार नाही. म्हातारपणी दाढीचेही चार पैसे मिळत असतील तर ते का सोडावेत? पण कार्ड विकत घेणाऱ्याला वाटलं की आपण कोळ्यांचं गाव पाहिलं.

आता मी ज्याला या सगळ्या संग्रहाची किल्ली समजतो ती गोष्ट. या कार्डांवर गाढवाच्या पाठीवर काय आहे तेवढं बघत चला.

पहिल्या, देवळालीच्या कार्डात टोपल्या आहेत. भिंग लावलं तर एका टोपलीच्या काठावर काळे तुकडे दिसतात, बहुधा कोळसा. दुसरं कार्ड पाचव्या जॉर्जच्या तिकिटाचं. त्यावर एक पेनी लागली आहे, कारण जून १९१८ मध्ये युद्धाच्या खर्चापायी अर्ध्या पेनीचा दर दुप्पट झाला आणि स्वस्त कार्डांचा जमाना तिथे संपला. या कार्डातलं गाढव त्याच जागी उभं आहे, पण पाठीवर चामड्याच्या दोन बॅगा आणि गोल हॅटचा डबा. कोळसा गेला, पाहुण्यांचं सामान आलं. तिसरं कार्ड १९६० च्या दशकातलं, भडक रंगांचं. गाढवाच्या पाठीवर तांबडा फ्रॉक घातलेली चार-पाच वर्षांची मुलगी. ती गावातली नाही, तिच्या आईच्या हातात कॅमेरा आहे. आणि आज क्लोव्हेलीची गाढवं तबेल्यात असतात. पाठीवर काही नाही. लोक त्यांच्यासोबत फोटो काढून घेतात.

गल्ली तीच, घरं तीच, गाढवही तेच म्हणावं असं. चित्र साठ वर्षांत तसूभर हललं नाही आणि त्या चित्राच्या आत गाव पूर्ण बदललं. घरापुढच्या कुंड्याही मी मोजल्या. पहिल्या कार्डात एकही नाही. दुसऱ्यात तीन. तिसऱ्यात मोजता येत नाहीत.

चित्र हललं नाही हे आपोआप झालेलं नाही, तसं घडवलं गेलं. १७३८ पासून हे सबंध गाव एका घराण्याच्या मालकीचं आहे, हॅम्लिन. १८८४ मध्ये ते क्रिस्टीन हॅम्लिन या तरुण बाईच्या हाती आलं आणि १९३६ मध्ये ती वारेपर्यंत, बावन्न वर्षं, तिच्याच हाती राहिलं. नवरा बँकवाल्या घराण्यातला, त्याने लग्नानंतर तिचं आडनाव घेतलं. पडायला आलेली घरं तिने एकेक करून उभी केली. आजही क्लोव्हेलीच्या भिंतींवर तिच्या नावाची आद्याक्षरं आणि सालं कोरलेल्या पाट्या दिसतात. तिने मोटारींना रस्ता दिला नाही, बेढब बांधकाम होऊ दिलं नाही. १९३० च्या दशकात रेक्स व्हिस्लर या चित्रकाराने या गावाच्या चित्रांची नक्षी वेजवूडच्या चिनीमातीच्या भांड्यांसाठी काढली, म्हणजे कार्डावरचं गाव जेवणाच्या ताटातही आलं.

या बाईबद्दल लिहिणारे दोन टोकांना जातात. कुणी तिला गावाची राणी म्हणतं, कुणी जुलमी जमीनदारीण. माझं मत सांगतो. ती नसती तर ती घरं ढासळली असती. आसपासच्या किनाऱ्यावर जे झालं, बंगल्यांच्या रांगा आणि तंबूंचे तळ, तेही झालं असतं. हे ऋण मोठं आहे. पण एक गोष्ट तिच्या आद्याक्षरांच्या पाट्यांवर नाही. गाव न बदलण्याची किंमत रोज कुणीतरी आपल्या पाठीवर, आपल्या हातांनी मोजत राहिलं. तिथल्या प्रत्येक घराला पीठ लागतं, कोळसा लागतो, पुढे गॅस लागला, फ्रिज लागला. गाढव निवृत्त झालं, ओझं निवृत्त झालं नाही. ते माणसांकडे आलं. क्लोव्हेलीचे लोक आजही लाकडी घसरगाड्या वापरतात, तिथे त्यांना 'स्लेज' म्हणतात. खाली जाताना सामान बांधून ती दोरीने धरून उतरवायची आणि कचरा थेट तळाशी, धक्क्याजवळच्या मागच्या रस्त्यापर्यंत न्यायचा. खुर्ची, पलंग, धुण्याचं मशीन, सगळं याच वाटेने.

कार्डांवर घसरगाडी क्वचित दिसते. गाढव गोड दिसतं, दोरी ओढणारा माणूस दिसत नाही.

आणखी एक गोष्ट कार्डांवर दिसत नाही, ती म्हणजे या गावाचा पीळ. १८७० पासून इथे बुडत्यांना वाचवणारी लाइफबोट आहे. १९८८ मध्ये राष्ट्रीय लाइफबोट संस्थेने इथली बोट काढून घेतली. गावाने काय करावं? पैसे गोळा केले आणि १९९० पासून स्वतःची बोट चालवली, स्वतःच्या माणसांनिशी. शेवटी १९९८ मध्ये संस्था परत आली. ज्या गावाला बाहेरचे लोक खेळण्यातलं गाव समजतात, तिथले तरुण हिवाळ्याच्या रात्री घंटा वाजली की त्या चारशे फुटांच्या चढावरून अंधारात खाली धावत होते. त्या गोट्यांवर मी स्वतः चाललो आहे. उन्हात, कोरड्या दिवशीसुद्धा तिथे पाय जपून टाकावा लागतो.

क्लोव्हेलीची कथा मी एवढी सांगतो आहे कारण इतर गावांत हीच गोष्ट वेगळ्या रीतीने घडली आणि तिथे तोडगा आणखी कठीण आहे. कॉट्सवोल्डमधल्या बायबरीला आर्लिंग्टन रो नावाची दगडी घरांची एक ओळ आहे. चौदाव्या शतकात मठाचं लोकरीचं कोठार म्हणून बांधलेली, सतराव्या शतकात विणकरांची घरं झालेली. ती ओळ आता नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि ब्रिटिश पासपोर्टच्या आत तिचं चित्र छापलं गेलं. लोकर गेली, विणकर गेले, गावात पर्यटकांच्या बसेस अडकू लागल्या. कॉर्नवॉलमध्ये सेंट आइव्हज हे कोळ्यांचं बंदर. कार्डांवर ते क्लोव्हेलीइतकंच देखणं. पण तिथली घरं शहरातल्या माणसांनी सुट्टीसाठी विकत घेतली आणि हिवाळ्यात गल्ल्यांत दिवे लागेनासे झाले. २०१६ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून ठरवलं की यापुढे बांधलेलं नवं घर फक्त कायम राहणाऱ्यालाच मिळावं. बांधकाम व्यवसायातल्या लोकांनी विरोध केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि त्याच वर्षी निकाल गावाच्या बाजूने लागला. क्लोव्हेलीत मालक एकच असल्याने तिथे ही अडचण वेगळ्या रीतीने सुटली. घरं भाड्याने दिली जातात आणि भाडेकरूने तिथे राहिलंच पाहिजे अशी अट असते. जमीनदारीबद्दल माझं मत काहीही असो, पण क्लोव्हेलीच्या खिडक्यांत डिसेंबरमध्ये दिवे असतात ते या अटीमुळे.

आणि एक गाव असं, ज्याची फक्त कार्डंच उरली. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरचं टायनम. डिसेंबर १९४३ मध्ये लष्कराला सरावाला जागा हवी होती म्हणून तिथल्या सव्वादोनशे माणसांना घरं सोडायला सांगितली. नाताळच्या आधी गाव रिकामं झालं. जाताना कुणीतरी देवळाच्या दारावर चिठ्ठी लावली: आमचं गाव नीट सांभाळा, आम्ही परत येऊ. त्यांना परत येऊ दिलं गेलं नाही. आज छप्पर उडालेल्या भिंती आहेत, जपलेली शाळा आहे, देऊळ आहे. तिथल्या जुन्या कार्डावर टपालाच्या दुकानापुढे उभी असलेली मुलं बघताना मला क्लोव्हेलीच्या कुंड्यांबद्दलची माझी तक्रार थोडी लहान वाटू लागते.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडने या गोष्टींवर गंभीरपणे विचार केला. १९४७ च्या नगररचना कायद्याने जुन्या इमारतींची यादी करून त्यांना संरक्षण द्यायची व्यवस्था आली. १९६७ मध्ये एकेका इमारतीपुरतं न थांबता सबंध गल्ल्या आणि गावठाणं संरक्षित ठरवता येऊ लागली. मी या कायद्यांच्या बाजूचा आहे. जुनी भिंत एकदा पडली की परत येत नाही. पण कायदा भिंतीला हात लावतो. दुकान टिकवणं, शाळा टिकवणं, सकाळची बस टिकवणं त्याच्या हातात नाही. बिडफर्डहून उतारूंची शेवटची रेल्वे १९६५ मध्ये सुटली. ज्या गाडीने पाहुणे आणले होते ती गेली, मोटारी आल्या. क्लोव्हेलीच्या वरच्या टोकाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाहनतळ आणि पर्यटकांचं केंद्र उभं राहिलं. आज गावात शिरायचं तर तिथे तिकीट काढावं लागतं. गावात शिरायला तिकीट! मला पहिल्यांदा हे ऐकून धक्का बसला होता. मग विचार केला की माझ्या संग्रहातल्या सत्तेचाळीस कार्डांचे पैसे फ्रिथला, व्हॅलेंटाइनला आणि जजेसला गेले, त्या अर्ध्या बाईला त्यातलं काही मिळालं नाही. या तिकिटातून निदान घरांची छपरं दुरुस्त होतात.

सरांना जाऊन बरीच वर्षं झाली होती तेव्हा मी तिथे गेलो. मुलगी ब्रिस्टलला असते, तिने गाडीने नेलं. मे महिना, स्वच्छ ऊन. देवळालीचं कार्ड मी सोबत ठेवलं होतं. न्यू इन या सराईच्या थोडं वर मला ती जागा सापडली. समुद्राची चीर, घरांची उतरंड, सगळं जिथल्या तिथे. फुली केलेली खिडकीही असावी अशी एक खिडकी दिसली. मुलगी म्हणाली, "बाबा, काढा ना फोटो, एवढ्यासाठी तर आलोय." मी कॅमेरा डोळ्याला लावला. तेवढ्यात वरून एक माणूस घसरगाडी धरून उतरत आला. चाळिशीचा असेल, दम लागलेला. गाडीवर दुधाचे डबे, बटाट्यांची पिशवी आणि लहान मुलाच्या डायपरचं एक मोठं पाकीट, सगळं दोरीने बांधलेलं. गोट्यांवर ते लाकूड खडखडत होतं. तो आमच्या अगदी जवळून गेला, मानेनेच नमस्कार केला.

मी फोटो काढला नाही. थांबलो. तो पुढे जाऊन गल्ली मोकळी व्हावी, माझं चित्र त्या जुन्या कार्डासारखं यावं, म्हणून थांबलो. तो वळणावर गेल्यासारखा वाटला तेव्हा बटण दाबलं.

पुण्याला परत आल्यावर फोटो धुऊन आला. छान आला आहे, गल्ली अगदी कार्डातल्यासारखी. मी तो देवळालीच्या कार्डाशेजारी टेबलावर ठेवला आणि सवयीने आधी कडा पाहिल्या. उजवीकडे, चित्र जिथे संपतं तिथे, घसरगाडीचं मागचं टोक आहे आणि त्यावर अर्धं कापलेलं ते डायपरचं पाकीट.